हृदयाचा एमआरआय : कोणासाठी, केव्हा आणि कशासाठी?



वार्षिक अहवालात जमाखर्चाच्या पानांसोबत एखाद्या वैद्यकीय विषयाची सुबोध माहिती देण्याचा आपल्या रुग्णालयाचा प्रघात आहे. यंदा हृदयाच्या एमआरआय तपासणीचा विषय घेतला आहे. त्याचे कारण असे की, आमच्या कार्यालयात दोन प्रश्न वारंवार विचारले जातात. हृदयरुग्णांचे नातेवाईक विचारतात, ‘‘साहेब, इतक्या तपासण्या झाल्या, मग एमआरआय का नाही केला?’’ आणि देणगीदार मंडळी आपुलकीने म्हणतात, ‘‘हृदयाचा एमआरआय इथेच होईल असे यंत्र घ्या, आम्ही हातभार लावतो.’’ दोन्हींमागे रुग्णाविषयीची कळकळच आहे. म्हणून तोंडी उत्तर देऊन न थांबता ती उत्तरे येथे सविस्तर मांडीत आहोत. वैद्यकीय मजकूर आमच्या डॉक्टरांशी चर्चा करून लिहिला आहे. तथापि तो कोणाही रुग्णाच्या प्रत्यक्ष वैद्यकीय सल्ल्याची जागा घेऊ शकत नाही, हे आरंभीच नमूद करतो.

तपासणी कशी होते?

मानवी शरीरात पाणी व चरबी यांचा मोठा अंश असतो आणि त्यांत हायड्रोजनचे असंख्य अणू असतात. शक्तिशाली चुंबकाच्या क्षेत्रात या अणूंची केंद्रके त्या क्षेत्राशी जुळवून घेतात. रेडिओलहरींनी त्यांना क्षणभर विचलित केले की, पूर्वस्थितीला येताना ती सूक्ष्म संकेत देतात आणि संगणक त्या संकेतांतून चित्र तयार करतो. या तंत्राच्या पायाभूत संशोधनाबद्दल अमेरिकेचे पॉल लॉटरबर आणि इंग्लंडचे पीटर मॅन्सफील्ड यांना २००३ साली वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. यात क्ष-किरण वापरले जात नाहीत. १.५ टेस्ला क्षमतेच्या नेहमीच्या यंत्राचे चुंबक पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राच्या सुमारे ३०,००० पट प्रबळ असते.

मेंदू किंवा मणका स्थिर असतो; हृदय मात्र अखंड हलत असते आणि श्वासाबरोबर छातीही हलते. म्हणून हृदयाच्या एमआरआयमध्ये रुग्णाच्या छातीवर ईसीजीच्या पट्ट्या लावून ठोक्यांच्या तालावर चित्रे घेतली जातात आणि रुग्णास पुनःपुन्हा काही सेकंद श्वास रोखण्यास सांगितले जाते. संपूर्ण तपासणीस साधारणतः पाऊण ते एक तास लागतो. बहुतेक वेळा शिरेतून गॅडोलिनियम नावाचे औषध दिले जाते. निरोगी स्नायूतून ते लवकर निघून जाते; जेथे स्नायू मृत होऊन वण पडला आहे, तेथे ते रेंगाळते. काही मिनिटांनंतरच्या चित्रांत तो वण पांढरा चमकतो. हृदयाच्या भिंतीत वण कोठे आहे आणि किती खोल गेला आहे, हे इतक्या स्पष्टपणे दाखविणे हेच या तपासणीचे खरे वैशिष्ट्य होय.

पहिला मान कोणाचा?

छातीत दडपण, घाम, डाव्या हातात किंवा जबड्यात कळ अशी लक्षणे असलेला रुग्ण आला की, प्रथम ईसीजी काढला जातो आणि रक्ततपासणी होते. हृदयविकाराच्या तीव्र झटक्यात बंद पडलेली रक्तवाहिनी लवकरात लवकर मोकळी करणे हेच उपचाराचे सार आहे. अशा वेळी तासभराची तपासणी करीत बसणे म्हणजे रुग्णाचा वेळ, आणि वेळेबरोबर त्याच्या हृदयाचा स्नायूही गमावणे होय. तेव्हा ‘मग एमआरआय का नाही केला’ या प्रश्नाचे पहिले उत्तर असे की, झटक्याच्या घटकेला त्याची जागा नाही.

त्यानंतर येतो टूडी एको. तो खाटेशेजारी होतो, कमी खर्चाचा आहे आणि झडपांचे दोष, हृदयाचे पंपिंग, हृदयाभोवतीचे पाणी यांविषयी पुष्कळ काही सांगतो. बालपणीच्या सांधेतापानंतर झडपा खराब झालेल्या रुग्णांत तर निदानाचा मुख्य आधार एकोच आहे. रक्तवाहिन्यांतील अडथळे पाहण्यासाठी अँजिओग्राफी आहे. या तपासण्यांनंतरही डॉक्टरांच्या मनात एखादा नेमका प्रश्न शिल्लक राहिला, तर एमआरआयचा विचार होतो. तो प्रश्न कोणता, हे ठरल्याशिवाय केलेला एमआरआय हा रुग्णाच्या खिशावर पडलेला भार ठरतो. आणि तो प्रश्न समोर असताना केवळ अंतरामुळे अथवा पैशामुळे तपासणी टळली, तर रुग्णाचे नुकसान होते. या लेखात आम्हांस सांगावयाचे ते मुख्यत्वे एवढेच आहे.

शिल्लक राहणारे प्रश्न

पहिला प्रश्न जिवंत स्नायूचा. अकोट तालुक्यातील पन्नाशी ओलांडलेले एक शेतकरी झटका येऊन गेल्यावर बऱ्याच दिवसांनी आमच्याकडे आले. पंपिंग निम्म्याहून कमी झाले होते आणि तीन रक्तवाहिन्यांत अडथळे होते. त्यांच्या मुलाने पहिल्याच भेटीत सांगितले, ‘‘ऑपरेशन करून टाका, वावर गहाण टाकू.’’ डॉक्टरांपुढे प्रश्न वेगळा होता. हृदयाचा जो भाग हलत नाही, तो रक्ताअभावी निपचित पडला आहे की मृतच झाला आहे? निपचित भागास रक्त मिळाल्यास तो पुन्हा काम करू लागण्याची शक्यता असते. वण झालेल्या भागाकडून ती आशा नसते.

या बाबतीत २००० साली प्रसिद्ध झालेला अमेरिकेतील ५० रुग्णांचा अभ्यास पथदर्शक मानला जातो. रक्तपुरवठा पूर्ववत केल्यानंतर, आधी वण न दिसलेल्या मंद भागांपैकी ७८ टक्के भागांची हालचाल सुधारली. ज्या भागांत वणाने भिंतीची तीन-चतुर्थांशाहून अधिक जाडी व्यापली होती, अशा ५८ भागांपैकी केवळ एकच सुधारला. तथापि पुढील संशोधनाने या आशेला मर्यादाही घातली आहे. ब्रिटनमध्ये ७०० रुग्णांवर झालेल्या आणि २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, पंपिंग फार घटलेल्या व जिवंत स्नायू असलेल्या रुग्णांना औषधांच्या जोडीला अँजिओप्लास्टी केल्याने मृत्यू किंवा हृदय निकामी होऊन रुग्णालयात भरती होण्याचे प्रमाण घटले नाही. त्याच रुग्णांच्या पुढील विश्लेषणात असे आढळले की, वण जितका विस्तृत, तितके भवितव्य बिकट. म्हणजे एमआरआयचा अहवाल हा शस्त्रक्रियेचा हुकूम नव्हे. वय, मूत्रपिंडाची अवस्था, रक्तवाहिन्यांची ठेवण आणि रुग्णाची इच्छा यांच्या जोडीने विचारात घ्यावयाची ती एक भक्कम साक्ष आहे.

आमच्या त्या शेतकरी रुग्णास नागपूरला पाठविले. पुढील भिंत जवळजवळ पूर्ण वणाची निघाली. मूत्रपिंडेही पूर्ण सशक्त नव्हती आणि रक्तवाहिन्या जोडणीस योग्य नव्हत्या. सर्व बाजू पाहून डॉक्टरांनी औषधोपचाराचा मार्ग निवडला. मुलाला ते पटावयास वेळ लागला. शेवटी डॉक्टरांनी त्यास चित्रे दाखविली आणि पांढरा भाग बोटाने दाखवून समजावले. ‘‘आता कळलं,’’ एवढेच तो म्हणाला. वावर गहाण पडले नाही. रुग्ण आजही औषधे नेण्यास येतात. रोग बरा झाला असे आम्ही म्हणणार नाही. पण निर्णय अंधारात झाला नाही, याचे समाधान त्या कुटुंबास आहे.

दुसरा प्रश्न चालताना छातीत भरून येणाऱ्या, परंतु प्रकृती स्थिर असलेल्या रुग्णांचा. रक्तवाहिनीत अडथळा आहे. पण त्यामुळे स्नायूस खरोखर रक्त कमी पडते काय? औषधाने हृदयावर ताण आणून घेतलेल्या एमआरआयमध्ये हे दिसू शकते. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या ९१८ रुग्णांच्या आंतरराष्ट्रीय अभ्यासात एका गटाचे उपचार एमआरआयच्या आधारे, तर दुसऱ्याचे रक्तवाहिनीत तार घालून दाब मोजण्याच्या पद्धतीच्या आधारे ठरविले गेले. वर्षअखेर दोन्ही गटांतील गंभीर घटनांचे प्रमाण जवळजवळ सारखेच, म्हणजे ३.६ व ३.७ टक्के राहिले. मात्र एमआरआयच्या गटात अँजिओप्लास्टी किंवा बायपास ३५.७ टक्के रुग्णांना करावे लागले. दुसऱ्या गटात हे प्रमाण ४५ टक्के होते. योग्य तपासणी कधी कधी पुढील मोठा खर्चही टाळते, हे देणगीदारांनी लक्षात घ्यावे असे आहे.

तिसरा प्रश्न हृदयाच्या स्नायूच्याच आजारांचा. तरुण रुग्णास झटक्यासारखी लक्षणे आहेत, रक्ततपासणीही तसेच दाखविते, पण अँजिओग्राफीत रक्तवाहिन्या मोकळ्या आहेत. अशा वेळी विषाणुसंसर्गाने स्नायूस सूज आली आहे की छोटा झटका येऊन गेला आहे, हे वणाच्या जागेवरून बहुधा ओळखता येते. झटक्याचा वण भिंतीच्या आतल्या कडेपासून सुरू होतो. सुजेचा वण बहुधा बाहेरच्या कडेस किंवा मध्यभागी असतो. स्नायू अनैसर्गिक जाड होण्याचा आनुवंशिक विकारही याच तपासणीत नीट मोजता येतो. घरात कोणी ऐन तारुण्यात अचानक मृत्यू पावले असेल, तर ती गोष्ट ‘नशीब’ म्हणून सोडून न देता डॉक्टरांना अवश्य सांगावी. त्यावर भावंडांची तपासणी अवलंबून असते.

चौथा प्रश्न क्षयरोगाचा. आपल्या देशात हृदयाच्या आवरणास क्षयाची बाधा होऊन ते जाड व ताठर होण्याचे प्रकार आजही दिसतात. पाय सुजतात, पोटात पाणी होते आणि रुग्ण दीर्घकाळ यकृताचे उपचार घेत राहतो. आवरण आवळले गेले आहे की स्नायूच ताठर झाला आहे, हे ठरविण्यास एमआरआयचे मोठे साहाय्य होते. कारण पहिल्या प्रकारात शस्त्रक्रियेने रुग्ण पुष्कळ सुधारू शकतो.

पाचवा प्रश्न जन्मजात हृदयदोष असलेल्या मुलांचा. २०१३ पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमांतर्गत अंगणवाड्या व शाळांतून मुलांची तपासणी होऊ लागली आणि अनेक गरीब मुलांच्या हृदयशस्त्रक्रिया झाल्या. ‘ऑपरेशन झाले, काम संपले’ असा पालकांचा समज होतो. परंतु नीलवर्णी बालकांच्या काही दोषांत दुरुस्तीनंतर वर्षानुवर्षे उजवा कप्पा हळूहळू फुगत जातो. झडप केव्हा बसवावी, हे त्या कप्प्याच्या मोजमापावरून ठरविण्यास मदत होते आणि ते मोजमाप एमआरआय सर्वांत विश्वासाने देतो.

रक्तातील लोह आणि विदर्भातील मुले

सहावा प्रश्न विदर्भास जवळचा आहे. आपल्या भागात सिकलसेलचे रुग्ण मोठ्या संख्येने आहेत. १ जुलै २०२३ रोजी सिकलसेल निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम सुरू झाली, तीत महाराष्ट्राचाही समावेश आहे. थॅलेसेमियाची मुलेही आमच्याकडे येतात. थॅलेसेमिया मेजरच्या मुलास दर काही आठवड्यांनी रक्त द्यावे लागते. रक्ताच्या एका पिशवीत सुमारे २०० ते २५० मिलिग्रॅम लोह असते आणि जादा लोह बाहेर टाकण्याची सोय निसर्गाने शरीरात केलेली नाही. ते यकृतात, ग्रंथींत आणि अखेर हृदयात साठते. सिकलसेलमध्ये हृदयातील लोहसंचय तुलनेने कमी आढळतो. थॅलेसेमियात मात्र तोच जिवावर बेततो.

अडचण अशी की, रक्तातील फेरिटिनच्या आकड्यावरून हृदयातील लोहाचा भरवसा देता येत नाही आणि एकोत दोष दिसेपर्यंत फार उशीर झालेला असतो. एमआरआयमध्ये ‘टी-टू-स्टार’ नावाचे मोजमाप करता येते. त्यासाठी गॅडोलिनियमची गरज नसते आणि वेळही थोडा लागतो. उत्तर मिलिसेकंदांत येते : २० च्या वर असल्यास हृदयात घातक लोहसंचय नाही असे समजतात, १० च्या खाली असल्यास हृदय निकामी होण्याचा धोका मोठा असतो आणि लोह काढणारी औषधे तातडीने वाढवावी लागतात. ब्रिटनमध्ये १९९९ नंतर हे मोजमाप उपयोगात आले. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार तेथील थॅलेसेमिया रुग्णांतील लोहसंचयामुळे होणाऱ्या मृत्यूंचे प्रमाण त्यानंतर ७१ टक्क्यांनी घटले. यात सुधारलेल्या औषधोपचारांचाही वाटा आहे. तरीही ते औषध कोणास, केव्हा व किती वाढवावे, हे या आकड्याने दाखवून दिले. रक्तदान शिबिरांत उत्साहाने रक्त देणाऱ्या अमरावती-अकोल्याच्या नागरिकांना आम्ही नम्रपणे सांगू इच्छितो की, त्या पिशवीने मूल जगते आणि त्या पिशवीतील लोहाचा हिशेब ठेवला, तरच ते मोठे होते.

नातेवाइकांनी घ्यावयाची दक्षता

एमआरआयचे चुंबक अहोरात्र चालू असते. रुग्ण आत नसला तरी ते बंद होत नाही. जानेवारी २०१८ मध्ये मुंबईतील एका सार्वजनिक रुग्णालयात ऑक्सिजनचे सिलिंडर घेऊन एमआरआय कक्षात गेलेला रुग्णाचा तरुण नातेवाईक सिलिंडरसह यंत्राकडे खेचला जाऊन मृत्यू पावला. म्हणून कोणी कितीही घाई केली, तरी तंत्रज्ञाच्या स्पष्ट परवानगीवाचून आत पाऊल टाकू नये. मंगळसूत्र, जोडवी, कानातले, करदोड्यातील पेटी, ताईत, पदराची पिन, किल्ल्या, मोबाइल, घड्याळ, श्रवणयंत्र हे सर्व बाहेर ठेवावे. सौभाग्यलेणे उतरविण्यास काही भगिनींना संकोच वाटतो. घरातील वडीलधाऱ्यांनी त्यांची समजूत घालावी.

शरीरात बसविलेल्या वस्तूंविषयी पुष्कळ गैरसमज आहेत. हृदयातील स्टेंट आणि आजच्या कृत्रिम झडपा यांमुळे सहसा अडचण येत नाही. तरी त्यांची माहिती द्यावीच. पेसमेकरच्या बाबतीत अधिक काळजी लागते. आज मिळणारे अनेक पेसमेकर ठरावीक अटींवर एमआरआयला चालतात. जुन्या पेसमेकरच्या रुग्णांचीही तपासणी सुसज्ज केंद्रात, पूर्वतयारीने व देखरेखीखाली होऊ शकते. येथे आमच्याकडून घडलेली एक चूक सांगणे कर्तव्य समजतो. दर्यापूरकडील एका वृद्ध रुग्णास आम्ही तपासणीस पाठविले. त्यांच्या पेसमेकरचे कार्ड घरी पेटीत राहिले आणि आम्हीही ते मागितले नाही. तेथे यंत्राची माहिती मिळेना, म्हणून ते तपासणीविनाच परतले. सोबत आलेल्या मुलाची दोन दिवसांची मजुरी बुडाली, गाडीभाडे गेले. त्यानंतर आम्ही पाठवणीच्या कागदावर स्टेंट, झडप, पेसमेकर, मेंदूतील क्लिप आणि डोळ्यात गेलेला लोखंडाचा कण यांचे रकाने छापून घेतले आहेत. नातेवाइकांनी अशी कार्डे नेहमी जवळ बाळगावीत.

मूत्रपिंडाचा गंभीर आजार असलेल्यांनी व गर्भवती भगिनींनी ते आधीच सांगावे. गॅडोलिनियम द्यावे की नाही, याचा निर्णय त्यावर ठरतो. बंद जागेची भीती वाटत असल्यास तेही सांगण्यात कमीपणा नाही. घरी आठवडाभर श्वास दहा-पंधरा सेकंद रोखण्याचा सराव केल्यास चित्रे स्वच्छ येतात. मात्र दम लागणाऱ्या रुग्णाने हा सराव डॉक्टरांना विचारूनच करावा.

यंत्र की निधी?

आता देणगीदारांच्या सूचनेकडे वळतो. एमआरआय यंत्रे अमरावती व अकोला या दोन्ही शहरांत आहेत. परंतु नुसते यंत्र असणे आणि हृदयाचा एमआरआय होणे यांत अंतर आहे. त्यासाठी हृदयाची स्वतंत्र संगणकप्रणाली, ठोक्यांशी मेळ घालणारी साधने, प्रशिक्षित तंत्रज्ञ आणि ती चित्रे वाचण्याचा नित्य सराव असलेला तज्ज्ञ लागतो. महिन्यातून मोजकेच रुग्ण आले, तर हा सराव टिकत नाही. शिवाय यंत्राची खरेदी एकदाच होते. चुंबक थंड ठेवणे, वीज, देखभालीचा करार आणि तज्ज्ञांचे वेतन हा खर्च मात्र दरवर्षी उभा राहतो. देणगीच्या पाटीखाली बंद पडलेले यंत्र ही कोणत्याही विश्वस्त संस्थेस शोभा देणारी गोष्ट नव्हे.

२ जुलै २०१२ रोजी राज्य शासनाची जीवनदायी आरोग्य योजना ज्या आठ जिल्ह्यांत प्रथम सुरू झाली, त्यांत अमरावती होता. पुढे ती राज्यभर लागू झाली आणि २०१७ पासून महात्मा जोतिराव फुले यांच्या नावाने ओळखली जाते. तिच्यामुळे अँजिओप्लास्टी व बायपास अनेक गरीब कुटुंबांच्या आवाक्यात आले. परंतु उपचार ठरण्यापूर्वीची धावपळ, नागपूरपर्यंतचे अमरावतीहून सुमारे १५० आणि अकोल्याहून सुमारे २५० किलोमीटरचे अंतर, सोबतच्या माणसाचा मुक्काम व बुडालेली मजुरी हा भार कुटुंबावरच राहतो. मेळघाटातील रुग्णास तर आधी अमरावती गाठण्यातच दिवस जातो.

म्हणून आम्ही विश्वस्त मंडळापुढे असा प्रस्ताव ठेवीत आहोत की, तूर्त यंत्रखरेदीचा विचार न करता हृदयरुग्णांसाठी ‘तपासणी साहाय्य निधी’ उभारावा. डॉक्टरांनी लेखी प्रश्न मांडून ज्याची शिफारस केली, अशाच रुग्णास तो मिळावा. त्यातून तपासणीचे शुल्क, प्रवास आणि एका सोबत्याच्या मुक्कामाचा खर्च भागवावा. थॅलेसेमियाच्या मुलांच्या लोहमापनास त्यात प्राधान्य असावे. प्रत्येक खर्चाचा तपशील, रुग्णाचे नाव न देता, पुढील अहवालात छापावा. रुग्णांची संख्या आणि तज्ज्ञांची उपलब्धता वाढल्यास यंत्राचा विचार तेव्हा जरूर करावा.

ज्या वऱ्हाडात संत गाडगेबाबांचा जन्म झाला, त्या भूमीस ही कल्पना नवीन नाही. बाबांनी मंदिरे बांधण्याऐवजी धर्मशाळा उभारल्या; मुंबईत कर्करोगाच्या उपचारासाठी येणाऱ्या गोरगरिबांना दादरच्या धर्मशाळेचा आसरा मिळाला. औषध देणारे पुष्कळ असतात, रुग्णाच्या माणसाला रात्री पाठ टेकण्यास जागा लागते, हे त्यांनी ओळखले होते.

आपण दिलेला प्रत्येक रुपया योग्य रुग्णाच्या योग्य प्रश्नासाठी खर्च व्हावा, एवढीच आमची इच्छा आहे. प्रस्तावाविषयी आपल्या सूचना कार्यालयात लेखी अथवा समक्ष अवश्य कळवाव्यात.